फ्रीहबला कोणतं ग्रीस लावायचं आणि किती

खंडेनवमीला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली शॉपं मशीनं धुऊनपुसून पुजतात, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यापासून वडगावातल्या आमच्या घराच्या कट्ट्यावर सायकलींची मागची चाकं यायला लागतात. बहुतेक सगळी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला ह्या बाजूला पावसाळाभर भिजलेली. आणणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो, "मामा, फ्रीहबात ग्रीस कुठलं भरू?"

फ्रीहब म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यावरचा, म्हणजे हबवरचा तो भाग, जो पॅडल मारलं की चाक ओढतो आणि पॅडल थांबलं की चाकाला मोकळं फिरू देतो. ह्याला एका डब्याचं नाव सांगून सुटका होत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे. ग्रीसचे डबे रोज हाताखाली असतात आणि सायकल हा माझा जीव आहे. दोन्हीकडचा अनुभव मिळून माझं एक पक्कं मत झालंय: फ्रीहबचं ग्रीस बेअरिंगकडे बघून निवडायचं नाही, कुत्र्याखालच्या, म्हणजे आतल्या पोलादी पंजाखालच्या स्प्रिंगकडे बघून निवडायचं. ती स्प्रिंग किती बारीक आहे आणि तिच्यात किती जोर आहे, त्यावर सगळं ठरतं.

आधी तुमच्या चाकात फ्रीहब आहे की साधं आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील, ते बघा. चाक हातात धरून दाते (गिअरच्या चकत्या) उलटे फिरवा आणि मधोमध, ॲक्सलच्या भोवती पाना बसायच्या ज्या खाचा असतात त्यांच्याकडे बघा. खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर ती कॅसेट (सरकवून बसवलेला दात्यांचा संच) आहे, म्हणजे आत फ्रीहब आहे. खाचा जागच्या जागी थांबल्या आणि फक्त दाते फिरले तर ते फ्रीव्हील. आपल्याकडच्या स्वस्तातल्या सात गिअरच्या सायकलींना बहुतेक फ्रीव्हीलच असतं. आठ-नऊ गिअरपासून पुढे सहसा फ्रीहब.

शिमानो ह्या जपानी कंपनीनं 1978 साली आपल्या ड्युरा-एस ह्या रेसिंगच्या संचात फ्रीहब आणला. त्याच्या आधी फ्रीव्हील हबवर आट्यांनी चढवलेलं असायचं आणि हबचं उजवं बेअरिंग त्याच्याही आत, पार चाकाच्या मध्याकडे. बेअरिंगच्या बाहेर ॲक्सलचा लांब तुकडा आधाराविना राहायचा आणि खड्ड्यात तिथंच वाकायचा किंवा तुटायचा. फ्रीहबमध्ये उजवं बेअरिंग दात्यांच्या खाली, फ्रेमच्या जवळ आलं. खानापूर रस्त्यानं सायकल चालवणाऱ्याला ह्याची किंमत वेगळी सांगायला नको. पण त्याच बदलामुळे एकाच नळकांड्यात दोन वेगळ्या स्वभावाची माणसं राहायला आली. बेअरिंगला घट्ट, चिकटून राहणारं, पाण्याला दाद न देणारं ग्रीस लागतं. कुत्र्यांना पातळ आणि अगदी थोडं लागतं. एकाच डब्यातून दोघांना सारखं वाढलं की कुत्रे उपाशी राहत नाहीत, गुदमरतात.

कुत्रे म्हणजे ते दोन, तीन, चार किंवा सहा पोलादी पंजे. फ्रीहबच्या अंगावर खोबणीत बसलेले, खाली पट्टीची किंवा तारेची स्प्रिंग, वर हबच्या आत कापलेल्या दातेरी कड्याला टेकलेले. पॅडल मारलं की कुत्र्याची धार दाताला अडकते आणि चाक ओढलं जातं. पॅडल थांबवलं की दात कुत्र्यांना दाबून पुढे सरकतात आणि टिकटिक आवाज येतो. उताराला ही टिकटिक किती वेगात चालते त्याचा हिशेब करून बघा. चाकाचा घेर साधारण 2.1 मीटर. ताशी 40 किलोमीटरला चाक सेकंदाला सव्वापाच फेरे घेतं. कड्याला 24 दात असले तर प्रत्येक कुत्रा सेकंदाला सव्वाशे वेळा दबतो आणि सव्वाशे वेळा उठतो. चोर्ल्याच्या घाटातून साखळीकडे उतरताना हेच चाललेलं असतं, आणि हे सगळं काम एका केसासारख्या स्प्रिंगच्या जीवावर.

आता चढाचा हिशेब. सत्तर किलोचा माणूस उभं राहून एका पॅडलवर पूर्ण भार देतो. क्रँक (पॅडलचा दांडा) 170 मिलिमीटरचा, म्हणजे साधारण 117 न्यूटन-मीटरचा पीळ. पुढे आणि मागे सारखेच दाते असतील तर तेवढाच पीळ फ्रीहबला येतो. कुत्रे मध्यापासून सोळा-सतरा मिलिमीटरवर असतात. तीन कुत्रे असतील तर एकेकावर दोनशे किलोच्या वर भार येतो. तिघं पूर्ण खोल बसले असतील तर पोलाद हे सहज सोसतं. पण एखादा घट्ट ग्रीसमुळे अर्धाच उठला आणि नुसत्या टोकावर भार आला, तर टोक चुरतं. बाकीच्या दोघांवर जास्त येतो. पुढच्या वेळी त्यांचीही टोकं जातात. मग एक दिवस चढावर पॅडल एकदम मोकळं सुटतं आणि माणूस छातीवर हँडलवर येतो. चांगलं ग्रीस कुठलं ह्याच्यावर मी एवढा अडून बसतो त्याचं कारण हे आहे. यात दात पडतात, गुडघे फुटतात.

गेल्या हिवाळ्यात खानापूरचा एक पोरगा आला. "मामा, चढाला पॅडल मोकळं सुटालंय बघा. आणि सर्व्हिसिंग तर आत्ताच करून आणलोय." चाक हातात घेऊन फिरवलं तर आवाज जवळजवळ नाहीच. तो त्यावर खूश होता, गाडी किती गप्प झाली म्हणून. फ्रीहब ओढून काढला तर आत पिवळसर तपकिरी ग्रीस काठोकाठ. बोटानं एक कुत्रा दाबला, सोडला. तो दबलेलाच राहिला. मनात तीन मोजेपर्यंत हळूहळू वर आला, ग्रीसची तार ओढत. भिंगाखाली धरला तर टोकाला चकाकणारी बारीक बर (धातूची चुरून वर आलेली कड) आलेली, धार गोल झालेली. त्याच्या शेजारच्याची कड शाबूत होती. म्हणजे रोज एकच कुत्रा सगळ्यात उशिरा उठत होता आणि तोच मार खात होता.

फ्रीहब गप्प आहे म्हणजे तब्येतीत आहे असं समजू नका. घट्ट ग्रीस आवाज दाबतं हे खरं. पण कुत्रे हळू उठतात म्हणूनही आवाज कमी येतो. आवाज मोठा आला की आत कोरडं पडलंय असंही नाही. काही हब मुळातच कर्कश असतात, त्यांच्या स्प्रिंगा ताठ असतात.

त्या पोराच्या हबात जे भरलं होतं ते ऑटोमोबाईलच्या कुठल्याही दुकानात मिळणारं एपी-3. गणपत गल्लीत जा, शहापुरात जा, दुकानदार "एष्टु बेकु?" (किती पाहिजे?) विचारत तेच काढून देतो. ते वाईट नाही. ट्रॉलीच्या चाकाला, बैलगाडीच्या टायरच्या बेअरिंगला उत्तम. पण त्या नावातला तीन म्हणजे घट्टपणाचा नंबर. एनएलजीआय नावाची मोजपट्टी आहे. 25 अंश सेल्सिअसला ग्रीसवर एक शंकू पाच सेकंद सोडतात आणि तो किती खोल रुततो ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. तीन नंबरात तो 220 ते 250 रुततो, दोन नंबरात 265 ते 295, शून्यात 355 ते 385, दोन शून्यात 400 ते 430. दोन शून्यवालं डबा आडवा केला तर हळूहळू वाहतं. फ्रीहबसाठी म्हणून सायकल दुकानात ज्या छोट्या बाटल्या आणि ट्यूबा मिळतात, त्यातलं बहुतेक ग्रीस ह्या पातळ बाजूचंच असतं. एकदा बोटावर घेऊन एपी-3 शी ताडून बघा, फरक सांगावा लागणार नाही.

नंबर एवढ्यावर भागत नाही. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. कुत्र्याला शेवटी अडवतं ते तेल. चाकाच्या बेअरिंगच्या ग्रीसमधलं तेल भारी असतं. गरम बेअरिंगमध्ये टिकावं म्हणून ते तसं घेतात. असं तेल 40 अंशाला जेवढं जाड, त्याच्या चार-पाच पट 15 अंशाला होतं. बेळगावात डिसेंबरात पहाटे साडेपाचला निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. युरोपात बर्फात कुत्रे गोठतात तसं आपल्याकडे होत नाही. पण एपी-3 काठोकाठ भरलेला हब आपल्या पहाटेलासुद्धा सुस्त होतो, आणि दुपारी दुकानात दाखवायला नेला की एकदम ठणठणीत असतो. त्यामुळे "दुकानदाराला दोषच सापडत नाही" अशी तक्रार घेऊन पुष्कळ जण येतात. फ्रीहब तपासायचा तर रात्री बाहेर ओट्यावर ठेवा आणि सकाळी उठल्याउठल्या बघा.

मी काय वापरतो ते सांगतो. आमच्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनांना सेंट्रल लुब्रिकेशन असतं, म्हणजे एका टाकीतून सगळीकडे वंगण जातं. काहींना दोन शून्य किंवा तीन शून्य नंबरचं अर्धप्रवाही लिथियम ग्रीस, काहींना स्लाईडवे ऑइल 68, म्हणजे मशीनच्या सरकत्या भागांचं तेल. ते दोन शून्य कुत्र्यांना फार छान मानवतं. स्प्रिंगला अडवत नाही, आणि नुसत्या तेलासारखं दोन आठवड्यांत गळून स्पोकवर येत नाही. उद्यमबागेत किंवा मच्छेच्या बाजूला ओळखीचं कोणी शॉपमध्ये असेल तर काडेपेटीएवढं मागून आणा, दोन हंगाम पुरतं. तयार फ्रीहब ग्रीस विकत घेणं परवडत असेल तर तेच घ्या, त्यात दुमत नाही. ज्या हबला कंपनी स्वतःचं ग्रीस सांगते त्याला मात्र तेच. डीटी स्विसच्या रॅचेटला त्यांचं खास ग्रीस असतं. मॅव्हिकच्या काही हबना तर ग्रीस नकोच असतं, पातळ मिनरल तेल लागतं. क्रिस किंगचं रिंगड्राइव्ह 72 दातांचं, त्यालाही त्यांचं वेगळं वंगण. अशा ठिकाणी आपली अक्कल चालवू नका.

दोन्ही मिळत नसेल तर दोन नंबरचं साधं लिथियम ग्रीस घ्या आणि त्यात मिनरल तेल मिसळा. स्लाईडवे 68 असलं तर फार बरं, त्यात चिकटून राहायचा गुण असतो. नाहीतर मोटरसायकलचं इंजिन तेल चालतं. बाटलीच्या झाकणात काडीनं ढवळा. काडी उचलल्यावर त्याचा थेंब तयार झाला पाहिजे, पण तो लगेच पडता कामा नये. लागेल तेवढंच करा. असं मिश्रण ठेवून दिलं की तेल वर सुटतं. शिलाई मशीनचं तेल नको, फारच पातळ, एका पावसात धुऊन जातं. डब्ल्यूडी-40 तर मुळीच नको. ते आतलं आहे ते ग्रीससुद्धा विरघळवून घेऊन जातं, आणि मागे जो पापुद्रा राहतो त्यानं बेअरिंग जगत नाही. ट्रकच्या स्प्रिंगपाट्यांचं काळं ग्राफाईट ग्रीसही फ्रीहबात घालणारे भेटलेत. कुत्र्यांच्या खोबणीत तो काळा चिखल बसला की काढता काढता जीव जातो.

एक गोष्ट कारखान्यात शिकलेली. दोन ग्रीसं एकमेकांत मिसळायची नाहीत. लिथियम आणि कॅल्शियम एकमेकांना बहुतेक सांभाळून घेतात. पण मोटरच्या बेअरिंगांत पॉलियुरिया असतं, ते लिथियमशी मिसळलं की कधी पाण्यासारखं पातळ होतं, कधी घट्ट गोळा होतं. मातीच्या पायावरचं ग्रीस जवळजवळ कोणाशीच जमवून घेत नाही. हबात आधी कंपनीनं काय घातलंय ते तुम्हाला दिसत नाही. म्हणून जुनं पूर्ण काढायचं, मग नवं. वरून थोडं चोपडून काम भागवायचं नाही.

आता रस्त्यांचं. बेळगावच्या पश्चिमेला आणि पूर्वेला सायकल वेगवेगळी झिजते. पिरनवाडी सोडून जांबोटीकडे लागलं की तांबडी जांभ्याची माती. कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाकडे, पाऊस असा की जून ते सप्टेंबर चाक सुकतच नाही. त्या बाजूनं आलेला फ्रीहब उघडला की ग्रीस दुधाळ तांबूस झालेलं असतं, म्हणजे पाणी आत शिरून मिसळलंय. आणि त्यातली तांबडी माती बोटांत चोळली की कचकचते. शॉपमध्ये आम्ही सिलिंडरला लॅपिंग पेस्ट लावून घासतो, तस्सं ते दातेरी कड्याला आतून घासत असतं. पाण्यापेक्षा मला त्या कचकचीची भीती जास्त वाटते. पूर्वेला, बैलहोंगल आणि सौंदत्तीकडे, काळी माती. पावसात ती फेंडरमध्ये आणि फ्रेमच्या फाट्यात अशी चिकटते की चाक फिरत नाही, पण फ्रीहबच्या आत कमी जाते. उन्हाळ्यात मात्र तिची पिठासारखी धूळ सीलवरच्या प्रत्येक तेलकट कडेला बसते. तिकडे फिरणाऱ्यांनी बाहेर आलेलं ग्रीस लगेच पुसून टाकावं, एवढं केलं तरी वर्ष सहज निघतं. पश्चिमेला फिरणाऱ्यांनी पावसाळा संपल्यावर एकदा उघडायलाच पाहिजे. पावसातही दर आठवड्याला चोर्ला किंवा आंबोली करणारे असतील त्यांनी श्रावणात मध्येच एकदा.

आणि कृपा करून स्कूटर धुतात त्या प्रेशरच्या पाण्यानं सायकल धुऊ नका. फ्रीहबचं सील म्हणजे रबराची एक पातळ ओठी. पावसाला ती पुरते, त्या पिचकारीला नाही. अशा एका धुण्यात जेवढी माती आत जाते तेवढी दोन महिन्यांच्या पावसात जात नाही.

उघडायचं कसं ते हबप्रमाणे बदलतं, म्हणून नेहमीच्या कुत्र्यांच्या हबचं सांगतो. चेन-व्हीपनं (चेनचा तुकडा लावलेल्या दांड्यानं) कॅसेट धरून लॉकरिंग, म्हणजे कॅसेट आवळणारी चकती, सोडवा, कॅसेट उतरवा. ॲक्सलच्या दोन्ही टोकांना पाच मिलिमीटरची ॲलन-की लागते, काहींना एका बाजूला सतरा नंबरचा पाना. टोपी सुटली की फ्रीहब सरळ बाहेर ओढायचा, सावकाश, खाली पांढरं कापड किंवा ताट ठेवून. कुत्रे आणि पट्टीच्या स्प्रिंगा उडतात. अंगणातल्या मातीत पडलेली पट्टीची स्प्रिंग मिळत नाही आणि सुटी विकत तर मिळतच नाही. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळीसारखा स्पेसर असतो, तो कुठल्या बाजूनं होता त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आत वायसर असेल तर तोही विसरू नका.

कुत्रे, खोबणी, दातेरी कडं, सगळं रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशनं साफ करायचं. बेअरिंगवर रॉकेल जाऊ द्यायचं नाही. अख्खा फ्रीहब रॉकेलच्या वाटीत बुडवतात तेव्हा बेअरिंगमधलं कंपनीचं चांगलं ग्रीस निघून जातं आणि परत भरत कोणी नाही. रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलनं किंवा ब्रेक क्लीनरनं पुसून घ्यायचा. मग उजेडात बसून प्रत्येक कुत्र्याची धार बघायची. बर आली असेल तर बारीक पॉलिश पेपरवर एक-दोनदा ओढायची, धारेचा कोन बदलू द्यायचा नाही. धार गोल झाली असेल तर तो कुत्रा बदलायचा, आणि एक बदलला तर सगळे बदलायचे. स्प्रिंग ताणून जोर वाढवायचा प्रयत्न करू नका, ती पुढच्या घाटात तुटते.

ग्रीस लावायला माझ्याकडे मुलीचा चित्रकलेचा बारीक ब्रश आहे. खोबणीत, कुत्रा जिथं फिरतो त्या गोल बुंध्याला एक हलका हात. धारेला आणि पाठीला नुसती चकाकी येईल एवढा. दातेरी कड्याला पूर्ण गोल एक हात मारायचा आणि दातांच्या तळाशी साठलेलं ब्रशनंच उचलून घ्यायचं. दाताचा तळ दिसलाच पाहिजे. तळ भरला की कुत्र्याला खाली जायला जागा उरत नाही. बारीक दातांच्या हबमध्ये तर हे अजून महत्त्वाचं, कारण 54 दातांच्या कड्यात खोली अगदी थोडी असते. ह्याच कारणानं डीटीच्या रॅचेटला जास्त ग्रीस चालत नाही. तिथं कुत्रे नसतात, दोन दातेरी चकत्या शंकूच्या स्प्रिंगांनी एकमेकींवर दाबलेल्या असतात. मध्ये ग्रीसचा थर आला की त्या टोकांवरच टेकून राहतात आणि घसरतात. 18 दातांच्या जुन्या रॅचेटनं थोडा निष्काळजीपणा सोसला असता, 54 वालं सोसत नाही.

मग दाबून बघायचं. एकेक कुत्रा नखानं दाबा आणि सोडा. टक् करून वर आला पाहिजे, डोळ्यांना मधला प्रवास दिसता कामा नये. दिसला तर ग्रीस जास्त आहे किंवा घट्ट आहे. पुसा, पुन्हा लावा. माझ्यासाठी ग्रीसच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा ही नखाची परीक्षा मोठी आहे.

घट्ट, पाण्याला दाद न देणारं जे ग्रीस वाया गेलं असं वाटत होतं, त्याची जागा आता येते. उलट म्हणतोय का? नाही. पाण्याला दाद न देणारं जाड ग्रीस, शक्यतो कॅल्शियम सल्फोनेटचं, सीलच्या बाहेरच्या ओठीला बोटानं पातळ फिरवायचं, आणि ॲक्सलवर एक पापुद्रा. पाणी आणि माती तिथंच अडते. बेअरिंग खरखरत नसतील तर त्यांना हात लावू नका. खरखरत असतील तर सुईनं रबरी सील उचलून धुवा आणि आत मोकळ्या जागेच्या साधारण एक तृतीयांश दोन नंबरचं ग्रीस भरा. जास्त भरलं की तेच बाहेर येऊन कुत्र्यांवर जाऊन बसतं.

शिमानोच्या साध्या हबची गोष्ट निराळी. तिथं ॲक्सलला कोन (शंकूच्या आकाराचे नट) आणि सुटे छर्रे असतात, मागच्या हबला पाव इंची, एका बाजूला नऊ. ते काढून दोन नंबरच्या ग्रीसमध्ये बसवायचे. फ्रीहबचं नळकांडं मात्र कंपनी उघडायला सांगत नाही. आत अष्टमांश इंची बारीक छर्रे खच्चून असतात आणि कप उलट्या आट्यांचा असतो. तो उघडण्यात दिवस घालवण्यापेक्षा पोकळ बोल्ट सोडवून नळकांडं काढा, बऱ्याच जुन्या मॉडेलांना दहा मिलिमीटरची ॲलन-की लागते. मागच्या बाजूनं, धुळीच्या सीलजवळच्या फटीतून आधी पातळ तेल सोडून फिरवत राहा, काळं पाणी निघेल. स्वच्छ निघू लागलं की रात्रभर निथळू द्या आणि मग जरा जाड तेल किंवा तेच दोन शून्य नंबरचं सुईच्या सिरिंजनं सोडा. शाहूनगरातले एक जुने मिस्त्री काळ्या सायकलच्या 18 दाती फ्रीव्हीलला अगदी हेच करायचे. चाक आडवं, तेलाची बुदली, एक हात फिरवतोय. त्यांना एनएलजीआय माहीत नव्हतं, पण कुत्र्याला ग्रीस कोंबायचं नाही हे त्यांच्या हाताला माहीत होतं.

बसवताना कुत्र्यांभोवती शिलाईचा दोरा एक वेढा गुंडाळून त्यांना दाबून धरा. फ्रीहब घड्याळाच्या उलट दिशेनं हलकेच फिरवत आत ढकला आणि दोरा ओढून घ्या. जोर लावायची वेळ आली तर थांबा, एखादा कुत्रा आडवा आलाय. ॲल्युमिनियमच्या फ्रीहबवर पोलादी दात्यांनी खाचा पाडलेल्या असतील तर बारीक कानशीनं फक्त वर आलेली कड काढा, खाच भरायच्या मागे लागू नका. कॅसेट बसवायच्या आधी त्या पृष्ठभागावरही ग्रीसचा एक हलका हात मारा, नाहीतर पुढच्या वर्षी ती निघता निघत नाही. लॉकरिंगवर बऱ्याचदा 40 असं कोरलेलंच असतं, तेवढे न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर एक फूट पान्याच्या टोकाला तेरा-साडेतेरा किलोचा दाब.

चाक लावल्यावर लगेच रस्त्यावर जाऊ नका. मागचं चाक उचलून पॅडल पुढे मारा आणि एकदम सोडा. चेन वरच्या बाजूला सैल पडून लोंबली तर फ्रीहब आत कुठंतरी घासतोय, सील दुमडलंय किंवा स्पेसर राहिलाय. ते ठीक असेल तर भिंतीला पुढचं चाक टेकवा, मागचा ब्रेक दाबून धरा आणि एका पॅडलवर उभं राहा. उतरा, चाक थोडं फिरवा, परत उभं राहा. दाताच्या वेगवेगळ्या जागी असं करत राहा. कुठंही खट् करून घसरलं नाही की मग गल्लीत एक फेरी मारा, आणि पहिला चढ बसूनच चढा.